कोणाचा घेतलास?

कॅमेरा मला घ्यायचा होता आणि दुकानदार बोलत होता माझ्या भावाशी.

२०११ चा मे महिना. सकाळच्या पंचवटीने नाशिकरोडहून निघून आम्ही बहीण-भाऊ सीएसटीला उतरलो आणि घामाघूम होत बोरा बाजारात शिरलो. पैसे माझ्या पर्समध्ये, दोन पाकिटांत विभागलेले, वर रुमाल. ही आईची व्यवस्था. भाऊ आला होता तो सोबत म्हणून, आणि परतीच्या गाडीआधी इराण्याकडे ब्रून मस्का मिळेल या आशेने. कॅमेऱ्याशी त्याचा संबंध घरातल्या फोटोंत डोळे मिटून उभं राहण्यापुरता. पण काउंटरमागच्या शेटनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं, काचेखालून एक गुलाबी कॅमेरा काढला आणि भावासमोर ठेवला.

"सर, मॅडम के लिए ये देखो. हल्का है. पर्स में आ जाता है."

भाऊ म्हणाला, "कॅमेरा तिला घ्यायचाय. तिलाच विचारा."

शेटनी गुलाबी कॅमेरा परत खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून, मराठीत, जरा सांभाळून घेतल्यासारखं विचारलं, "बोला ताई, कोणाचा दाखवू?"

कोणाचा! आपल्याकडे फ्रीज, पंखा, मिक्सर सगळं कोणाचं तरी असतं. "टीव्ही कोणाचा घेतला?" म्हटलं की कंपनीचं नाव सांगायचं, हे लहान पोरालाही कळतं. मीही सांगितलं, "निकॉनचा." मॉडेलसुद्धा तोंडपाठ होतं, डी-३१००. दोन महिने दुसरं काही वाचलंच नव्हतं.

पण त्या प्रश्नाचा साधा, शब्दशः अर्थ घेतला असता तर माझं खरं उत्तर 'दादाचा' असं होतं.

दादा म्हणजे आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी गडी. सख्खा-चुलत कोणी नाही. डोंगरात जो पुढे चालतो आणि मागच्यांसाठी थांबतो, तो दादा. त्याच्याकडे निकॉनचा डी-९० होता. धोडप किल्ल्याच्या माचीवर एकदा सगळे दमून बसलेले असताना मी धीर करून "बघू का?" म्हटलं. त्याने आधी पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि मगच कॅमेरा हातात दिला. हा त्याचा नियम होता, आजही मी तो पाळते. "अर्धं दाब," तो म्हणाला. मी बटण अर्धं दाबलं. समोर गवताच्या तुऱ्यावर एक चतुर बसला होता. तो क्षणभर धूसर होता, मग आतून काहीतरी गुरगुरलं, बारीक 'टिट्' झालं आणि चतुराच्या पंखांवरची जाळी दिसायला लागली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सूक्ष्मदर्शकाची चाकं फिरवत धूसराचं स्पष्ट करणं हा माझा रोजचा धंदा. पण हे आपोआप झालं होतं, आणि उघड्यावर, वाऱ्यात. उरलेलं अर्धं बटण दाबलं. खट्!

निवड तिथे झाली. पुढचे दोन महिने मी जे केलं ते निकाल लागून गेल्यावर साक्षीपुरावे गोळा करण्यासारखं होतं.

पुरावे मात्र झकास गोळा केले. रात्री जेवणं आटोपली की संगणकापुढे बसून वहीत तक्ते आखायचे. एका रकान्यात कॅननचा ११००डी, दुसऱ्यात निकॉनचा डी-३१००. त्याचे १२.२ मेगापिक्सेल, याचे १४.२. दोनने जास्त! मी त्या दोनाखाली दोनदा रेघ मारली होती. आज हिशोब केला तर हसू येतं. एकाचा फोटो ४२७२ ठिपके रुंद, दुसऱ्याचा ४६०८. म्हणजे रुंदीत फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. आणि आपण सगळे स्टुडिओतून काढून आणतो तो चार बाय सहा इंचांचा फोटो चांगल्यापैकी छापायला साधारण सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. उरलेले बारा वहीतल्या रेघेसाठी. गंमत म्हणजे दादाच्या डी-९० चे मेगापिक्सेल १२.३ होते, माझ्या निवडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कमी. ते मी तक्त्यात घेतलंच नाही.

तेव्हा टीव्हीवर कॅननची जाहिरात सचिन करायचा, निकॉनच्या कूलपिक्सची प्रियांका चोप्रा आणि सोनीच्या सायबरशॉटची दीपिका पदुकोण. जाहिरातींनीच माणूस भुलतो असं म्हणणाऱ्यांना मी माझंच उदाहरण देते. सचिन ज्याची शिफारस करतो ते बाजूला सारून मी धोडपवर घाम पुसत बसलेल्या एका माणसाचं ऐकलं. सचिनला रात्री साडेदहाला फोन करून "फोटो पिवळे का येतायत?" विचारता आलं नसतं. दादाला आलं असतं, आणि पुढे कितीतरी वेळा आलंही.

लोक ही गोष्ट कबूल करत नाहीत, पण पहिला कॅमेरा घेताना माणूस बहुतेक वेळा हेच पाहतो, की अडलं तर विचारायचं कोणाला. आणि त्याच्या जोडीला मागायचं काय. कारण एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. ती लावताना फिरवायची दिशासुद्धा कॅननची एक आणि निकॉनची बरोबर उलटी. मित्राकडे ज्याचा कॅमेरा, त्याच्याच लेन्स उसन्या मिळणार. शेजारच्या वहिनींकडे जी इडलीपात्राची कंपनी तीच आपण घेतो, म्हणजे रबर खराब झालं तर निदान कुठे मिळतं ते ठाऊक असतं. तसंच हे.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा आला तोही असाच.

काका नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी त्यांनी आगफा क्लिक थ्री घेतला. काळा, हलका, बडोद्यात बनणारा. तेव्हा परदेशी कॅमेरा हवा तर आखातातून किंवा लंडनहून कोणी नातेवाईक यायला हवा आणि त्याने तो कस्टममधून सोडवून आणायला हवा. आमचे सगळे नातेवाईक सिन्नर आणि निफाडचे. तेव्हा प्रश्न मिटला. पण देशी कॅमेऱ्यांतही क्लिक थ्रीच का, असं मी काकांना त्यांच्या शेवटच्या वर्षांत विचारलं होतं. ते म्हणाले, "मेन रोडच्या स्टुडिओवाल्याने सांगितलं, हाच घ्या. रोल मी भरून देईन, मीच धुवून देईन, तुम्ही फक्त खटका दाबा."

ऐकून मी उडालेच. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने अमेरिकेत पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला तेव्हा त्याची जाहिरात नेमकी हीच होती, 'तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही करू.' कॅमेऱ्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा. तो संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. ते फोटो धुवून, नवा रोल भरून परत धाडायचे. किंमत २५ डॉलर, म्हणजे तेव्हा चैनच. पुढे १९०० मध्ये त्यांनी ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा डबा एका डॉलरला काढला आणि तो मुद्दाम मुलांपुढे ठेवला. मूल फोटो काढू शकतं म्हणजे मग कोणीही काढू शकतं! फोटोग्राफी अवघड आहे ही भीती घालवली की कॅमेरा आपोआप खपतो, हे त्या माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. मेन रोडच्या स्टुडिओवाल्यालाही कळलं होतं, जाहिरात न वाचता.

त्यात स्टुडिओवाल्याची सोयही होती. क्लिक थ्रीला १२० चा रुंद रोल लागायचा, त्यावर बारा चौकोनी फोटो यायचे, सहा सेंटिमीटर बाय सहा. निगेटिव्हच एवढी मोठी की ती थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराचा फोटो काढून द्यायचा. मोठा करायची यातायात नाही, गिऱ्हाइकाला खर्च नाही. आमच्या अल्बममधली माझी आजी, मुंज झालेले दोन काका, सोमेश्वरच्या धबधब्यापुढची सगळी वरात, असे सगळे सहा सेंटिमीटरचे आहेत. बारशाच्या वाटाण्यांएवढी डोकी. भिंग घेऊन बघावं लागतं. पण काय धारदार आहेत!

कॅमेऱ्याच्या पाठीवर एक लाल काच होती. रोल पुढे ढकलताना त्या काचेत आकडा उगवायचा. पाच... सहा... आकडा बरोबर मध्यावर आला की थांबायचं. पुढे ढगाचं आणि सूर्याचं चित्र. आभाळ बघून काय ते ठरवायचं. काका फोटो काढायच्या आधी खरोखर मान वर करून आभाळाकडे बघायचे आणि मग आम्हाला उन्हात, सूर्याकडे तोंड करून उभं करायचे. म्हणून त्या काळच्या एकाही फोटोत आमच्या घरचं माणूस डोळे उघडून बघताना सापडत नाही. भावाची सवय तिथली असावी. आणि काका स्वतः? बारापैकी एकाही फोटोत नाहीत. फक्त एका फोटोत अंगणातल्या फरशीवर खाली त्यांची सावली पडली आहे, कोपरं बाहेर काढलेली.

नव्वदच्या दशकात मग छोटे, पस्तीस मिलिमीटरचे, फ्लॅशवाले कॅमेरे आले. लग्न ठरलं की कोडॅकचा केबी-१० घ्यायचा आणि एक छत्तीसचा रोल टाकून महाबळेश्वरला जायचं, असा जणू विधीच होता. आमच्या ताईने तेच केलं. छत्तीसातले एकोणतीस फोटो वेण्णा लेकचे आहेत. त्यात निवडीचा भाग फारसा नव्हता, म्हणून पुढे जाते.

निवडीचा अस्सल किस्सा आमच्या जिल्ह्यातलाच आहे. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे आणि आम्ही शाळेच्या सहलीला तिथे डबे खाल्लेले आहेत, एवढंच नाशिककरांना त्यांच्याविषयी सहसा ठाऊक असतं. १९१२ च्या फेब्रुवारीत हा माणूस विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेला, सिनेमाचा कॅमेरा आणायला. फोटोग्राफी त्यांना येत होती, त्यांनी स्टुडिओ चालवला होता, छपाईचा धंदा केला होता. यंत्रातलं कळत नव्हतं असं मुळीच नाही. तरी तिथे पोचल्यावर ते आधी दुकानात गेले नाहीत. 'बायोस्कोप' नावाचं सिनेमाविषयीचं साप्ताहिक ते मुंबईत वाचायचे. त्याच्या संपादकाला, कॅबर्न नावाच्या गृहस्थाला, जाऊन भेटले. त्याने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेलं. आणि मग या दोघांच्या सल्ल्याने त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला. परत येऊन पहिला छोटा सिनेमा कशाचा केला, तर कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याच्या रोपाचा. मला या सगळ्यात तो दरवाजा ठोठावण्याचा प्रसंग सगळ्यात आवडतो. ओळख ना देख, चाळिशी ओलांडलेला माणूस जाऊन विचारतोय, कोणाचा घेऊ?

असो. माझ्याकडे कॅबर्न नव्हता, दादा होता.

आता जरा स्वतःच्या लाजेची गोष्टही सांगायला हवी. निकॉनच्या काळ्या पट्ट्यावर पिवळ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं. गळ्यात घातला की ते बरोबर समोरच्याला वाचता येतं. मी तो पट्टा घरी आरशासमोर घालून पाहिला आहे. एकदा नाही. २०११ म्हणजे फेसबुकावर प्रत्येकाच्या नावापुढे 'फोटोग्राफी' लागायचे दिवस. माझंही पान होतं, कोपऱ्यात तिरकी सही होती, आणि त्या सहीखाली बहुतेक जास्वंद असायची. कॅमेरा घेताना तो हातात धरलेली आपण कशा दिसू हे मनात नव्हतंच, असं जी म्हणेल तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका आहे. आईला हे बरोबर दिसलं होतं. "एवढ्यात तोळाभर सोनं आलं असतं," ती म्हणाली, "तेही गळ्यातच घातलं असतंस." आई हे वाक्य आजही ऐकवते, आणि सोन्याचा आजचा भाव सांगून ऐकवते.

दादाचा आणखी एक मुद्दा होता. फार वजनदार. "निकॉनने लेन्स बसवायची खाच १९५९ पासून बदललेली नाही. कॅननने १९८७ मध्ये बदलली. निकॉनवर जुन्यातली जुनी लेन्स बसते." हे मी वहीत चौकटीत लिहून ठेवलं होतं. या चौकटीनेच माझा घात केला.

दिवाळीच्या बोनसमध्ये लेन्स घ्यायची ठरली. "पन्नास एक पॉइंट आठ घे," दादा म्हणाला. "स्वस्तात स्वर्ग." म्हणजे पन्नास मिलिमीटरची, उजेड आत सोडणारं छिद्र एक पॉइंट आठपर्यंत उघडणारी लेन्स. त्याच्याकडे तीच होती, 'डी' अक्षराची. एका दुकानातून मी ती आणली. बिलासकट एक भाव, बिलाविना दुसरा. मी शहाणपणा करून दुसऱ्या भावाने आणली. घरी येऊन हात धुतले, देवापुढे ठेवली, मग कॅमेऱ्याला लावली. 'टक्' करून छान बसली. बटण दाबलं तर फोटो निघेना. पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली: एफ, ई, ई. फी! पैसे मोजून वर हा फी मागतोय, असं म्हणून भाऊ इतका हसला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

माहितीपुस्तक काढून वाचलं. लेन्सवरचं छिद्राचं कडं केशरी २२ वर आणून तिथे अडकवायचं, मग फी थांबते. थांबली. फोटो निघाला. धूसर. अर्धं बटण दाबलं, ना गुरगुर ना 'टिट्'. पुन्हा दाबलं. पुन्हा नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात. त्या भल्या माणसाने लेन्स हातातसुद्धा घेतली नाही. "मॅडम, लेन्स में कोई प्रॉब्लेम नहीं. आपका कॅमेरा छोटा है." बिल नव्हतं, त्यामुळे पुढे बोलायला जागाही नव्हती.

झालं होतं ते असं. या जुन्या धर्तीच्या लेन्सला फोकस करायला स्वतःची मोटर नसते; कॅमेऱ्याच्या पोटातली मोटर तिला फिरवते. दादाच्या डी-९० च्या पोटात ती मोटर होती. डी-३१०० ला हलका आणि स्वस्त करताना ती ठेवलेली नव्हती. त्याला मोटरवाली, 'एएफ-एस' लिहिलेली लेन्स लागते. यात कोणी काही लपवलं नव्हतं. माहितीपुस्तकात स्वच्छ छापलेलं होतं. फक्त ते पुस्तक मी फी भरायची वेळ आल्यावर उघडलं. आणि दादाला हे कळायचं कारण नव्हतं, कारण त्याच्याकडे ते कधी अडलंच नव्हतं. १९५९ ची खाच खरी होती. लेन्स बसत होती, अगदी दिमाखात बसत होती. बसणं आणि चालणं यात फरक असतो, एवढंच चौकटीत लिहायचं राहिलं होतं.

दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला दे ती. मी घेतो विकत." त्याच्याकडे ती होतीच! दोन-दोन घेऊन काय करणार होता? मी नाही म्हटलं.

मग शोध लागला हिरव्या ठिपक्याचा. कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना खाली डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो. हाताने कडं फिरवत गेलं की योग्य जागी तो पेटतो. किंचित पुढे गेलं की विझतो. अरे, हे तर माझं रोजचं काम! डावा हात लेन्सखाली, बोटाने कडं अगदी केसभर फिरवायचं, श्वास धरायचा. लॅबमध्ये दहा वर्षं हेच तर करत होते. आई ओट्याशी पाट टाकून मेथी निवडत बसली होती. खिडकीतून तिरकं ऊन. छिद्र कॅमेऱ्यातून एक पॉइंट आठवर, म्हणजे पूर्ण उघडं ठेवून मी तिचा डावा डोळा पकडला. ठिपका पेटला, मी बटण दाबलं. फोटोत तिचा डोळा लख्ख आला, पापणीचे केस मोजता येतील असा. आणि नाकाचा शेंडा, मेथी, ओटा, सिलिंडर सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. आई फोटो बघून म्हणाली, "मेथी कुठे गेली?"

तो फोटो मी मोठा करून लावला आहे. माझ्या सगळ्या चांगल्या फोटोंपैकी निम्मे त्या चुकीच्या लेन्सचे आहेत. यावरून चुका करा असं मी सांगणार नाही. पैसे गेले तेव्हा मी रडले होते.

त्यानंतर हळूहळू मीच लोकांचा 'दादा' झाले. लॅबमधले, सोसायटीतले, भावाच्या ऑफिसातले. "ताई, कोणाचा घेऊ?" पूर्वी मी उलट विचारायचे, "कशाचे फोटो काढणार?" हा प्रश्न विचारावा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण त्याचं उत्तर लोकांकडे नसतं. किंवा असतं ते फारच नेमकं असतं. घेणाऱ्याच्या डोक्यात बहुधा एक फोटो आधीच काढून झालेला असतो, दुसऱ्या कोणीतरी काढलेला. दिवे घाटातून वळत येणारी पालखी. हरिहरच्या उभ्या पायऱ्या. बाळाच्या गालावर फुगलेला बुडबुडा.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँकवाले काका आहेत. त्यांच्या डोक्यात चंद्र होता. यूट्यूबवर त्यांनी निकॉनच्या पी-९०० चा व्हिडिओ पाहिला. हा लेन्स न बदलता येणारा कॅमेरा, पण झूम ८३ पट. अंगणातून सुरू होतो आणि चंद्रावरच्या खड्ड्यांपर्यंत पोचतो. काका माझ्याकडे आले ते सल्ला विचारायला नाही, होकार घ्यायला. मी म्हटलं, आतला उजेड टिपणारा सेन्सर लहान आहे, कमी उजेडात दाणे येतील. ते म्हणाले, "चंद्रावर उजेड कमी असतो का?" मी गप्प. त्यांनी तो घेतला, चार पौर्णिमा चंद्र काढला आणि मग चंद्र संपला. पुढे एका रविवारी मी त्यांना नांदूर मध्यमेश्वरला घेऊन गेले. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथला हा जलाशय. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचं नाव २०२० मध्ये जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला भल्या पहाटे तोफांसारख्या लेन्स लावून मंडळी उभी असतात. कॅमेऱ्यासोबत आलेल्या माझ्या किट लेन्समध्ये तिथला चित्रबलाक पक्षी म्हणजे तांदळाचा दाणा. आणि काकांनी हातातल्या हातात झूम ओढून जांभळ्या पाणकोंबडीची लाल चोच दाखवली, चोचीतल्या लव्हाळ्याच्या काडीसकट. शेजारच्या तोफवाल्याने वाकून पडदा पाहिला आणि विचारलं, "कोणाचा आहे हो?" काकांची छाती अशी फुगली की बस. तेव्हापासून मी चंद्राला नावं ठेवत नाही.

आणि आता भाची.

ती आता एकोणीस वर्षांची आहे, पुण्यात होस्टेलला असते. फोन तिच्याकडे असा आहे की माझे सगळे कॅमेरे त्याने गिळून ढेकर द्यावा. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, मला कॅमेरा हवाय." मला भरून आलं. मोटर, खाच, ठिपका, सगळं सांगायला मी पाट मांडूनच बसले. ती म्हणाली, "अगं तसला नाही. तुझ्या कपाटात तो जुना चंदेरी आहे ना, छोटा?"

तो आम्ही २००८ मध्ये घरासाठी घेतला होता, साधा कॉम्पॅक्ट. भावाने निवडला होता आणि त्याचं कारण एकच, त्याला पेन्सिल सेल लागायचे. "चार्जर विसरला तरी पानटपरीवर सेल मिळतात." भावाच्या आयुष्यातला हा सगळ्यात तर्कशुद्ध निर्णय, आम्ही तेव्हा हसलो होतो. बाकीच्या कॅमेऱ्यांच्या खास बॅटऱ्या फुगून मेल्या. हा दोन सेल टाकले आणि सतरा वर्षांनी टुणकन उठला.

फक्त कार्ड चालेना. भाचीने नवं चौसष्ट जीबीचं आणलं होतं, ते त्याला ओळखू येत नव्हतं. माझ्या डब्यातून चार जीबीचं एक जुनं निघालं. "चार जीबी?" ती म्हणाली, "एवढुसं?" मी सांगितलं की आमचं अख्खं गोवा त्यात मावलं होतं.

मग मी तिला फ्लॅश बंद कसा करायचा ते दाखवायला लागले, कारण त्या फ्लॅशने माणसं पिठात लोळवल्यासारखी येतात आणि मागे काळोख. तिने माझा हात धरला. "नको, फ्लॅश हवाय. त्यासाठीच तर." तिला नक्की कसं करायचं हे मला विचारायचंच नव्हतं. तिने रूममेटला फोन लावला, स्पीकरवर. हा असला कॅमेरा आधी तिच्याकडे आला होता, मग मजल्यावरच्या आणखी तिघींकडे.

"मिळाला?" पलीकडून आवाज आला. "कोणाचा आहे?"

"मावशीचा," भाची म्हणाली.

"अगं, कंपनी कोणती?"

भाचीने कॅमेरा उलटा करून पाहिला. तिला ते अजून वाचायचंच होतं.

सेलच्या झाकणाची खिटी तुटली होती, तिथे मी भाजीच्या जुडीचं रबर लावून दिलं. तारीखही बदलून देत होते, कारण सेल काढून ठेवल्यामुळे घड्याळ पार मागे गेलं होतं आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात केशरी अक्षरांत जुनी तारीख उमटत होती. तीही तिने बदलू दिली नाही. रूममेटच्या कॅमेऱ्यातही तशीच चुकीची येते म्हणे.

परवा तिने होस्टेलच्या गच्चीवरचा फोटो पाठवला. पाच पोरी, पिठासारखे पांढरे चेहरे, दोघींचे डोळे मिटलेले, मागे काळं आभाळ. खाली कोपऱ्यात ०१.०१.२००८. त्या दिवशी ती दीड-दोन वर्षांची होती.